बारावीनंतर पोटगीचे काय? गावात ठरलेला शब्द पुढे कसा न्यावा

आर्णीकर

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितो आहे. माझी धाकटी बहीण २०१४ पासून आपल्या दोन मुलांसह आमच्याकडे, म्हणजे माहेरी राहते. त्या वेळी प्रकरण कोर्टात न नेता दोन्हीकडच्या चार वडीलधाऱ्यांनी बसून तोडगा काढला. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर असे लिहिले की मुले आईजवळ राहतील आणि त्यांच्या शिक्षणाकरिता व पालनपोषणाकरिता वडील दरसाल अठरा हजार रुपये देतील. जावयांनी हा शब्द बऱ्यापैकी पाळला, हे आधीच सांगतो. कापूस विकला की डिसेंबर-जानेवारीत पैसे येतात. २०१७ मध्ये बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली तेव्हा निम्मेच आले, पण आले.

आता भाचा बारावीला आहे आणि येत्या जानेवारीत त्याला अठरा वर्षे पूर्ण होतील. त्याला बी. एस्सी. ॲग्रीला जायचे आहे, म्हणजे आणखी चार वर्षे आणि घराबाहेर राहणे. भाची अकरावीत असून तिला पुढे नर्सिंग करायचे आहे. मी विषय काढला तेव्हा जावई म्हणाले, "बारावीलोकच त ठरलं होतं न भाऊ," म्हणजे बारावीपर्यंतच. कागदात शेवटची मर्यादा कुठेच लिहिलेली नाही. भाचीबद्दल त्यांचे म्हणणे असे की तिच्या शिक्षणाला पैसे घालण्यापेक्षा तिच्या लग्नाला मी हात लावीन.

मला भांडण नको आहे. मुले पोळ्याला आणि दिवाळीला वडिलांकडे जातात, आजीचा त्यांच्यावर जीव आहे, आणि तो धागा तुटावा असे आमच्या घरात कोणालाच वाटत नाही. परंतु शाळा संपल्यानंतरच्या वर्षांचा खर्च कसा ठरवावा, किती काळासाठी ठरवावा, पैसे कोणाच्या हाती द्यावेत आणि हे सारे कोर्टाबाहेर पक्के कसे करावे, हे ज्यांनी केले आहे त्यांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

न्यायपथिक

आर्णीकर भाऊ, मी अमरावती जिल्ह्यात तालुका न्यायालयात वकिली करतो. कायद्याची बाजू आधी मांडतो, कारण घरात बसून बोलतानाही कायदा कुठपर्यंत साथ देतो हे माहीत असले तर कोणी कोणाला उगाच धाक दाखवत नाही.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. हे कलम सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. त्याखाली मुलाला पोटगी मिळते ती साधारणपणे अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत. त्यानंतर शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे तो स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तरच. म्हणजे तुमच्या भाच्याच्या बाबतीत, जो खर्च खरोखर अंगावर येणार आहे तो सुरू होण्याच्या तोंडावर कायद्याचा हात सुटतो. हे अनेकांना अन्यायाचे वाटते आणि मलाही वाटते, पण वस्तुस्थिती ही आहे.

भाचीचे तसे नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याच्या कलम २० नुसार अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नसेल तर ती सज्ञान झाल्यावरही आईवडिलांची जबाबदारी राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश या निकालात हे स्पष्ट केले आहे. फक्त त्यासाठी दाद मागायची ती १९५६ च्या कायद्याखाली. निर्वाहाच्या व्याख्येत त्या कायद्याने अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार यांच्याबरोबर शिक्षणही धरले आहे आणि अविवाहित मुलीच्या बाबतीत लग्नाचा वाजवी खर्चही धरला आहे. लग्नाचा खर्च हा शिक्षणाच्या शिवाय आहे, त्याच्याऐवजी नाही. जावयांना हे शांतपणे समजावून सांगावे. हा कायदा बौद्ध, जैन व शीख कुटुंबांनाही लागू होतो. अनुसूचित जमातींना मात्र केंद्राने तशी अधिसूचना काढल्याखेरीज लागू होत नाही, हे आपल्या भागातल्या गोंड, कोरकू, कोलाम वाचकांनी लक्षात ठेवावे.

तुमच्या स्टॅम्पपेपरविषयी एवढेच की तो पुरावा आहे, हुकूम नाही. त्यावरून थेट वसुली होत नाही. मात्र दोन्ही बाजू राजी असतील तर तोच समझोता नव्याने लिहून तालुका विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीपुढे ठेवता येतो, अगदी खटला दाखल झालेला नसला तरी. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे मोल असते. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी या कायद्याखाली मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते. जे वडील कायद्याने अठरानंतर बांधील नाहीत, तेही स्वखुशीने कबूल झाले तर त्या कबुलीला बळ येते ते याच मार्गाने.

पुसदवासी

मतभेद नोंदवतो. अठरा वर्षांचा मुलगा सज्ञान असतो. आम्ही त्या वयात शेतात राबून घर चालवले. बापाकडे चार एकर कोरडवाहू असेल तर त्याने चार वर्षांची पदवी कुठून करून द्यावी? मुलाने काम करत शिकावे.

हिंगणघाटचा शेतकरी

पुसदवासी दादांचा मुद्दा मी सरळ उडवून लावणार नाही, कारण मी स्वतः तो बाप आहे. माझा घटस्फोट कोर्टातून झाला, मुलगा आईकडे राहिला आणि आज तो पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अठरा झाल्यावर मला कोणी सक्ती करू शकत नव्हते, तरी मी देतो. पण सुरुवातीच्या वर्षी आमच्यात जो कडवटपणा आला त्याचे कारण माझी नियत नव्हती, तर दिवस होते. हे मी जरा विस्ताराने लिहितो, कारण शहरातल्या माणसांच्या हे ध्यानातच येत नाही.

प्रवेशाची पत्रके लागतात जुलै ते सप्टेंबरमध्ये. फी भरायला दोन-चार दिवसांची मुदत असते. आमच्याकडे जून म्हणजे बियाणे आणि खत, जुलै म्हणजे डवरणी आणि निंदण, आणि पीककर्ज हातात पडले असले तरी ते जमिनीत गेलेले असते. सोयाबीन सवंगून बाजारात जाते ते ऑक्टोबरमध्ये, कापसाचा पहिला वेचा त्यानंतर. भावाचे म्हणाल तर २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात कितीतरी शेतकऱ्यांनी त्याच्या खाली विकले, कारण त्यांना थांबणे शक्य नव्हते. अशा ऑगस्टमध्ये मुलाचा फोन येतो की परवापर्यंत पैसे पाहिजेत, आणि मी नाही म्हणालो की सगळ्या नात्यागोत्यात मी वाईट बाप ठरतो. त्याच बापाच्या हातात जानेवारीत पैसा असतो आणि तेव्हा त्याला कोणी विचारत नाही.

म्हणून मी आता असे करतो. कापसाचे पैसे खात्यावर आले की पुढच्या वर्षाच्या फीइतकी रक्कम सहा महिन्यांच्या मुदत ठेवीत टाकतो. ती जून-जुलैत सुटते आणि सरळ कॉलेजच्या खात्यावर जाते. पावती मुलगा मला व्हॉट्सॲपवर पाठवतो. खोली आणि खाणावळ यांचा खर्च महिन्याचा असतो, तो मी दुधाच्या पैशातून दर महिन्याला मुलाच्या खात्यावर टाकतो. रक्कम मोठी नाही, पण चुकत नाही. फी आणि जेवण या दोन खर्चांची गाठ सोडवली तेव्हाच आमचे जमले.

आणखी एक मागणी मी वडिलांच्या वतीने करतो. माझ्या मुलाने कोणत्या शाखेला अर्ज केला हे मला कृषी सेवा केंद्रावर बसलेल्या एका माणसाकडून कळले होते. पैसे मागायचे असतील तर अर्ज भरतानाच वडिलांना विचारा, कॉलेज पाहायला बरोबर न्या. ज्या निर्णयात आपण नव्हतो त्याचे बिल भरायला माणसाचे मन लवकर तयार होत नाही.

वाशीमचा लिपिक

मी एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करतो. पैशांवर सगळे बोलतात; वडिलांकडून पैशाइतकीच गरज कागदांची असते आणि ती कोणत्याच समझोत्यात लिहिलेली नसते, म्हणून त्यावर लिहितो.

राखीव प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वडिलांचा, आजोबांचा, चुलत्यांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा तेवढीच जुनी नोंद लागते. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखांपूर्वीचा पुरावा समिती पाहते. हे कागद आईच्या माहेरी सापडत नाहीत. ते वडिलांच्या घरातल्या लोखंडी पेटीत असतात, किंवा आजोबा ज्या जिल्हा परिषद शाळेत दोन-तीन वर्ग शिकले तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये असतात, जिथे आडनाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असू शकते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कोणाची वैधता आधी झालेली असेल तर काम पुष्कळ सोपे होते. भाच्याच्या काकांना आजच विचारा. वडील वर्षाला पैसे देत राहिले आणि हा एक कागद दिला नाही, म्हणून खुल्या जागेवर पूर्ण फी भरावी लागलेले विद्यार्थी मी माझ्या टेबलासमोर उभे राहिलेले पाहिले आहेत.

उत्पन्नाच्या दाखल्याचेही तसेच. महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जात वडिलांच्या उत्पन्नाची विचारणा होते. घटस्फोटाचा हुकूमनामा नसेल आणि वडील हयात असतील तर तहसील कार्यालयात आई एकटीच्या उत्पन्नावर दाखला मिळवताना अडचण येते, असा माझा अनुभव आहे. हे काम मेमध्ये करा. निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात.

मिळण्यासारखे बरेच आहे. २०२४-२५ पासून इतर मागास वर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होते. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. पण शिष्यवृत्तीची रक्कम खात्यावर येते तोवर बहुधा वर्ष सरत आलेले असते. तेव्हा वडिलांचा वाटा हा त्या मधल्या महिन्यांचा आधार आहे, असे समजावले तर त्यांनाही बोजा कमी वाटेल. एसटी बसचेही ध्यानात असू द्या : मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळणारा मोफत पास बारावीपर्यंतच असतो.

नागपुरातली वऱ्हाडी

मी बुलढाणा जिल्ह्यातली. तीन वर्षांचे जीएनएम, म्हणजे नर्सिंगचे शिक्षण करून आता नागपुरात एका रुग्णालयात नोकरी करते. माझे आईवडील मी पाचवीत असताना वेगळे झाले आणि आमचीही गोष्ट कोर्टात गेली नव्हती. आर्णीकर मामा, तुमच्या भाचीकरिता लिहिते.

बारावीनंतर आमच्याकडे असे झाले की आई म्हणायची, तुझा बाप आहे, तूच फोन कर. मामा म्हणायचे, तुझा आवाज ऐकला की त्यांना नाही म्हणता येणार नाही. मग दर महिन्याच्या चार-पाच तारखेला मी वसतिगृहाच्या जिन्यावर जाऊन बाबांना फोन करायची. आधी पीकपाणी विचारायचे, मग आजीची तब्येत, मग थांबायचे, आणि बाबांना कळायचे की आता पैशाचे निघणार. खाणावळीच्या काकूंच्या वहीत माझ्या नावापुढे लाल पेनाने उरलेली रक्कम लिहिलेली असायची आणि ताट घेताना ती वही समोरच उघडी असायची. दुसऱ्या वर्षी मी बाबांचे फोन उचलणे सोडून दिले, कारण ते सहज बोलायला फोन करत तेव्हाही माझ्या मनात तोच आकडा यायचा. पैशांपायी माझे बाबा माझ्यापासून दुरावले, आणि ते पैसे देणारे होते तरी दुरावले. म्हणून कळकळीने सांगते, मुलांना वसुलीला पाठवू नका. मोठ्यांनी ठरवावे, तारीख ठरवावी, आणि चुकले तर मोठ्यांनीच मोठ्यांना विचारावे.

लग्नाच्या पैशांबद्दल माझे बाबाही असेच म्हणाले होते. माझ्या काकूंनी त्यांना एवढेच विचारले की पोरीच्या लग्नात तुम्ही जेवढे घालणार त्यातले तीन वर्षांचे आज दिले, तर पुढे तिला कोणाकडे हात पसरावा लागेल का. बाबांनी रात्रभर विचार केला आणि पहिल्या वर्षाची फी भरली. आज मी आईला दर महिन्याला पैसे पाठवते आणि बाबांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशनही मीच करवून घेतले.

पुसदवासी काका, काम करत शिकणे बी. ए. ला कदाचित जमते. आमच्या पाळ्या वॉर्डात सकाळी आणि रात्री लागतात. त्यात दुसरे काम बसत नाही.

पुसदवासी

ताई, तुमचे लिहिणे दोनदा वाचले. पूर्णवेळ हजेरीचा अभ्यासक्रम असेल तर माझे म्हणणे लागू पडत नाही, हे मान्य. तरीही मुलगा काही कमवू लागला तर बापाचा भार कमी व्हावा, एवढे तरी लिहिले जावे.

तुमसरचे काका

आमच्या गावात २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हापासून अनेक वर्षे मी समितीत होतो. असे पुष्कळ कागद माझ्या डोळ्यांसमोर लिहिले गेले. बहुतेक कागद मुले लहान असताना लिहिले जातात आणि त्या दिवशी सर्वांना घाई असते ती भांडण मिटवण्याची. बारा वर्षांनंतर काय, हे कोणी विचारत नाही. अठरा हजार २०१४ मध्ये दोन मुलांसाठी ठीक होते. ती रक्कम तेव्हापासून तशीच आहे, यात जावयांचा जेवढा दोष तेवढाच वाढीचे कलम न घालणाऱ्या पंचांचा.

या वेळी बैठक लहान ठेवा. चावडीवर नको, देवळात नको. जावई, तुमची बहीण, दोन्हीकडचे एकेक जाणते माणूस आणि भाचा, बस. त्याच्या आयुष्याची गोष्ट आहे, त्याला दाराबाहेर बसवू नका. मात्र मागणी त्याच्या तोंडून करवू नका. बैठक दिवाळीनंतर घ्या, कापूस घरात आलेला असतो तेव्हा माणूस मोकळेपणाने बोलतो. आमच्या धानाच्या पट्ट्यात आम्ही ती डिसेंबरात घेत असू, खरेदी केंद्रावर माप झाल्यावर.

लिहिताना वाईट वर्षाचे आधीच लिहा. आमच्याकडे एका कागदात आम्ही असे घातले होते की ज्या वर्षी गावाची अंतिम पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या आत येईल, त्या वर्षी वडील निम्मी रक्कम देतील आणि उरलेली पुढच्या हंगामात देतील. माफी नाही, पुढे ढकलणे आहे. पैसेवारी सरकार जाहीर करते, त्यामुळे पीक झाले की नाही यावर वाद राहिला नाही. तसेच मुलगा एखाद्या वर्षी नापास झाला तर काय, चांगल्या गुणांसाठी वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यायची म्हणाला तर काय, पोलीस भरतीच्या तयारीला गेला तर काय, हेही आत्ताच बोलून घ्या. आम्ही साधारणपणे एक जादा वर्ष धरत होतो. आणि पुसदवासी भाऊ म्हणतात ते बरोबर आहे : कमाई सुरू झाली, की वडिलांचा महिन्याचा वाटा कमी होईल असे लिहावे. सुट्टीत सोयाबीन सवंगायला गेला, त्याला कमाई म्हणू नये.

आर्णीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बहिणीला सगळे वाचून दाखवले. नागपूरच्या ताईंचे लिहिणे ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही, कारण आमच्याकडेही भाच्यालाच फोन करायला लावत होतो. ते आजपासून बंद.

मसुदा असा केला आहे : भाच्याची फी वडील आणि आमचे घर निम्मी-निम्मी भरतील, वडिलांचा वाटा कापसाच्या पैशातून जानेवारीत मुदत ठेवीत जाईल. खोली-खाणावळीसाठी वडील महिन्याला ठरावीक रक्कम देतील, ती दर वर्षी थोडी वाढेल. पैसेवारीचे कलम घेतले आहे. जात वैधतेचे कागद वडील एका महिन्यात काढून देतील. भाचीसाठी हेच, तिची बारावी झाल्यावर. मुदत "शिक्षण पूर्ण होईपर्यंत" अशी लिहिली आहे. लिहून देणार म्हणून खाली मी आणि जावई सह्या करू. काही राहिले का?

न्यायपथिक

मसुदा चांगला आहे, तीन ठिकाणी हात लावा. "शिक्षण पूर्ण होईपर्यंत" हे मोघम आहे, आणि जुन्या कागदात शेवट नेमका न लिहिल्यानेच या वेळी घोळ झाला आहे. अभ्यासक्रमाचे नाव लिहा, तो नियमाप्रमाणे किती वर्षांचा आहे ते लिहा, त्यावर काकांनी सांगितलेले एक जादा वर्ष धरा आणि शेवटचा महिना व साल आकड्यांत लिहा. भाचीच्या बाबतीत "लग्नाचा खर्च यातून वजा होणार नाही" हे वाक्य घाला, आणि या समझोत्यामुळे तिचे कायद्यातले हक्क कमी होत नाहीत हेही घाला.

तिसरे महत्त्वाचे. भाऊ, तुम्ही या कागदात साक्षीदार म्हणून सही करा, पक्षकार म्हणून नको. पोटगीचा हक्क मुलांचा आहे आणि मुले अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्या वतीने बोलणारी व्यक्ती तुमची बहीण आहे. तिचे नाव पहिले हवे आणि पैसे जाणार त्या खात्यावर तिचे किंवा मुलाचे नाव हवे, तुमचे नाही. भाचा जानेवारीत सज्ञान झाला की त्याची स्वतःची सही लागेल, म्हणून त्याच्यासाठीचा भाग आणि भाचीसाठीचा भाग वेगवेगळ्या कागदांवर लिहा. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून काही वेळा भरते. पुढची तारीख तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात कळेल. जावयांना आधी सांगून, त्यांच्याबरोबरच तिथे जा. नोटीस पाठवून बोलावलेला माणूस आणि सोबत आलेला माणूस एकाच कागदावर सही करतात, पण पाळण्यात फरक पडतो. दिवाळीनंतर बैठक आणि जानेवारीच्या आत अर्ज, एवढे साधले तर भाच्याची फी भरायची वेळ येईल तेव्हा ठेव सुटायला आलेली असेल.